काल्पनिक देशातलं जंगल आंदोलन: तिसऱ्या अंकात गाडी अडली आहे

वैनगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतरच्या हंगामासाठी झाडीपट्टीचं (पूर्व विदर्भात गावोगाव रात्रभर चालणारी रंगभूमी) एक नाटक लिहून राहिलो आहे. वडशाच्या एका मंडळानं पहिले दोन अंक ऐकून घेतले, होकार अजून आलेला नाही. विषय आपल्याच जंगलाचा. पण खरं गाव, खरा तालुका घातला की पेंडॉलमधून कोणीतरी उठणार आणि "हा मंत्री म्हणजे आमचे साहेबच ना?" असं विचारणार. म्हणून सगळा मामला एका बनावट देशात नेऊन ठेवला. देशाचं नाव मोहरान.

मोहरानात साग-बांबूचं जंगल, एक रुंद नदी, आणि राजधानी इतकी लांब की राजाचं फर्मान गावात पोचेपर्यंत राजा बदललेला असतो. कायदा असा, की मोहफूल खाली पडलं तर गावाचं, फांदीवर असेल तोवर सरकारचं. (हे मला फार आवडलं आहे, काढायला सांगू नका.) पहिल्या अंकात राजा सगळा बांबू एका कागद गिरणीला चाळीस वर्षांसाठी देऊन टाकतो. दुसऱ्या अंकात नायक शहरातून शिकून येतो, गावं उठतात, लाठीमार होतो. तिसऱ्या अंकात राजधानीवर मोर्चा, राजा करार फाडतो, गाणं, पडदा.

शेजारच्या एका म्हाताऱ्या बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग दुसऱ्या दिवशी बांबू कोन तोडला जी?" तिथून पेन हललेलं नाही. इथे चळवळीत राहिलेले, कागद हाताळलेले लोक आहेत म्हणून विचारतो. मोहरानात पुढे काय होईल?

धानोऱ्याचा

बाबांना माझा नमस्कार सांगा. तिसऱ्या अंकाचं पहिलं वाक्य त्यांनी तुम्हाला फुकटात देऊन टाकलं.

मेंढा (लेखा) हे गाव गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्याच तालुक्यातलं. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तुम्हाला पाठ असेलच. तिच्या मागचं-पुढचं मात्र नाटकवाल्यांनी बघण्यासारखं आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशा दोन धरणांची योजना होती. जंगल बुडणार, गावं बुडणार. त्याविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे होते, आदिवासी नेते लालश्यामशहा होते, जिल्ह्यातली गावंच्या गावं होती. धरणं मागे पडली. तुमचं नाटक इथे संपतं. मेंढ्याचं इथून सुरू होतं.

देवाजी तोफा आणि गावातले बाकीचे लोक मोर्च्यातून घरी आले आणि बसायला लागले. नुसते बसायला. कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल सोबत होते, त्यातून अभ्यास गट सुरू झाला. आपल्या जंगलाची हद्द कुठली, कायदा काय म्हणतो, आपण जंगलातून काय आणतो आणि किती, यावर चर्चा. निर्णय बहुमतानं घ्यायचा नाही, सर्वसहमतीनं घ्यायचा. एकाचा जरी नकार असला तरी विषय पुढच्या बैठकीला. (विनोदी पात्राला इथे मोठा वाव आहे. सगळं गाव "हो" म्हणतं आणि हा गडी दर बैठकीला "मले अजून समजलं नाही" म्हणतो.)

त्यातच घोटूलचा (गोंड गावातल्या तरुण मुलामुलींनी जमायच्या घराचा) प्रसंग घडला. गावानं जंगलातलं लाकूड आणून घोटूल बांधला, वनखात्यानं तो पाडला, गावानं पुन्हा बांधला, आणि आसपासच्या गावांनीही आपापले घोटूल बांधायला घेतले. रंगमंचावर बांधून दाखवता येईल असा प्रसंग शोधत असाल तर हा घ्या. चार खांब आणि गवताचं छप्पर, नेपथ्याचा खर्चही फार नाही.

आता मुद्द्याचं. वनहक्क कायदा 2006 चा. मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला 2009 मध्ये. कागद हातात आला, फोटो निघाले. बांबू? तो तोडून विकायला न्यायचा तर वाहतूक पास लागतो, आणि पासाचं पुस्तक खात्याच्या कपाटात. जंगल तुमचं, बांबू तुमचा, फक्त नाक्यापलीकडे न्यायचा नाही. हा घोळ चालला 27 एप्रिल 2011 पर्यंत. त्या दिवशी केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणही होते, आणि पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं.

हक्काच्या कागदापासून पासाच्या पुस्तकापर्यंतचा हा जो काळ गेला, त्यात तुमचा तिसरा अंक आहे. राजाला करार फाडू द्या, हरकत नाही. पण फाडल्यावर त्यानं नाक्यावरच्या शिपायाला सांगायला विसरलं पाहिजे.

वऱ्हाडी_ठेचा

राजेहो, जुन्या काळातलं एक घ्या. 1930 मध्ये सारा देश मीठ उचलून राहिला होता. आपल्या वऱ्हाडात समुद्र कुठून आणता? मंग 10 जुलैला पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी राखीव जंगलात जाऊन गवत कापलं आणि कायदा मोडला. विळा आणि मूठभर गवत, बस्स. तुमच्या मोहरानच्या राजाला घाबरवायला तोफा लागत नाहीत.

निसर्गवेडा

धागा आवडला. एक सूचना: नाटकात वाघीण हवी. जंगल वाचवायचं तर लोकांना चेहरा लागतो. कंपनीचे शिकारी वाघिणीच्या मागे लागलेत, तिला दोन बछडे आहेत, नायक तिला वाचवतो, असं केलंत तर प्रेक्षक रडतील. विदर्भ म्हणजे वाघांची भूमी, ताडोबाला 1955 पासून राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा आहे. वाघ वाचला की जंगल वाचतं, जंगल वाचलं की पाणी. हे सोप्या भाषेत पोचवता येईल.

राळेगावकर

भाऊ, तुमच्या सूचनेचा राग नाही, पण वाघीण आणि दोन बछडे म्हणल्यावर आमच्या भागात लोकं रडतील का पळतील हे सांगता येत नाही.

2018 मध्ये आमच्या पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात टी-1 वाघीण होती. शहरात तिचं नाव अवनी. 13 माणसं गेल्याचं तिच्या नावावर लागलं होतं. कापूस वेचाईचे दिवस, अन् बाया वावरात जायला तयार नाहीत. जनावरं घरीच बांधलेली, चारा कोन आणणार? सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं हस्तक्षेप करायला नकार देला, 2 नोव्हेंबरच्या रात्री ती मारल्या गेली. मारली ते नियमानं मारली का, यावर मंग लई वाद झाला, अन् तो वाद करायलाच पाहिजे होता, माझं त्यात दुमत नाही. पण मुंबईत मेणबत्त्या अन् इकडे गावात फटाके, हे एकाच हप्त्यात झालं. दोन्ही लोकं स्वतःले जंगलाच्याच बाजूचे समजत होते.

ते टाका नाटकात. मोहरानच्या राजधानीतले वाघप्रेमी अन् गावातले आंदोलनवाले एकाच मोर्च्यात चालून राहिले, आणि नाक्यावर आल्यावर त्यांना समजते की आपण वेगळ्या गोष्टीसाठी निघालो.

निसर्गवेडा

पटलं नाही पूर्ण, पण मोर्च्याचं दृश्य चांगलं आहे. एक विचारतो, गावकऱ्यांना वाघ नकोच आहे का मग?

राळेगावकर

असं कोन म्हणलं? वाघ आमच्या पोराबाळांनी पण पाह्यला पाहिजे. फक्त शौचाला गेल्यावर नाही. रोही (नीलगायी) अन् रानडुकरं तूर-हरभरा साफ करतात, त्यासाठी थंडीत माळ्यावर बसून जागली करावं लागते. वाघ असला तर डुक्कर कमी, हे शेतकऱ्याले तुम्ही शिकवाची गरज नाही. त्याले विचारून काही ठरत नाही, तक्रार एवढीच आहे.

स्पष्टवक्ता_७७

सगळ्यांची चर्चा छान चालली आहे, मी जरा मीठ टाकतो. गिरणी वाईट, खाण वाईट, धरण वाईट. मग पोरांनी करायचं काय? गिरणीत नोकरी करणाऱ्या बापाच्या पगारावर मी शिकलो. बल्लारपूरची कागद गिरणी नसती तर आमच्या घरात पुस्तक आलं नसतं. या धाग्यावर कोणाला तो माणूस आठवला का? तुमच्या मोहरानात गिरणीवाला मिशा पिळत येणार, लोक हुर्यो करणार. काल्पनिक देश करण्याचा फायदा तो काय मग.

धानोऱ्याचा

स्पष्टवक्ता, हा या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद आहे, उपरोध नाही. नायिकेचा भाऊ गिरणीत कामाला ठेवा. करार फाटला की त्याची नोकरी जाते आणि ताटावर बसलेलं घर दोन गटांत वाटलं जातं.

चंद्रपूरचंच बघा. शहर कोळशावर आणि औष्णिक वीज केंद्रावर जगतं. तिथल्याच बंडू धोतरे यांनी 2009 मध्ये ताडोबालगतच्या लोहारा कोळसा खाणीविरुद्ध उपोषण केलं, आणि कोळशावर घर चालणाऱ्या शहरातले लोक त्यांच्यामागे उभे राहिले. ती खाण झाली नाही. पाठिंबा देणाऱ्यातल्या कित्येकांच्या घरात वेकोलिचा (सरकारी कोळसा कंपनीचा) पगार येत असेल. माणूस असाच असतो, सकाळी खाणीत जातो आणि संध्याकाळी उपोषणाच्या मंडपात बसतो. असं पात्र झाडीपट्टीच्या रंगमंचावर मी तरी पाहिलेलं नाही.

निवृत्त_तलाठी

मी नकाशाच्या बाजूनं बोलतो. जन्म त्यातच गेला.

धागाकर्त्यांनी मोहरानच्या जंगलात झाडं ठेवली आहेत. पूर्व विदर्भात एवढं सरळ नसतं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत झुडपी जंगल नावाचा प्रकार आहे. मालगुजारी (इकडची जुनी जमीनदारी) गेली तेव्हा गावाच्या निस्ताराची (सरपण-चाऱ्यासारख्या रोजच्या गरजांची), गुराचराईची जमीन, खुरटी झुडपं असलेली, ती दप्तरात झुडपी जंगल म्हणून लागली. पुढे 1980 चा वनसंवर्धन कायदा आला आणि दप्तरातल्या त्या दोन शब्दांना वजन आलं. तोवर त्यावर शाळा झाल्या, स्मशानं झाली, घरं झाली, कुठे कुठे सरकारी कचेऱ्यासुद्धा. सुमारे 86 हजार हेक्टर असं आहे. 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे जंगलच, आणि 12 डिसेंबर 1996 च्या आधी ज्यांना रीतसर जागा दिली गेली त्यांची प्रकरणं केंद्राच्या मंजुरीनं नियमित करायची.

माझ्या नोकरीत अशी वेळ आलेली आहे की ज्या चावडीत बसून मी उतारा लिहीत होतो ती चावडीच उताऱ्यात जंगल होती. आणि पाठीमागच्या टेकडीवर दाट सागवान, ते कागदावर पडीक.

तुम्हाला राजाचं दप्तर दाखवायचं असेल तर दरबारात नकाशा उलगडा. राजाचं सिंहासन जिथे आहे तिथे हिरवा रंग निघाला पाहिजे. प्रेक्षकांतला प्रत्येक ग्रामपंचायत सदस्य हसेल, हमी माझी.

वऱ्हाडी_ठेचा

तलाठी काका, तुम्हीच का नाही लिहीत नाटक?

निवृत्त_तलाठी

पेन्शनीत काट बसंल बाप्पा.

बोडीवरची

मी अर्जुनी मोरगाव भागातली. इतका वेळ वाचत होते. सगळ्यांचं आंदोलन मोर्चा, उपोषण आणि कोर्ट यातच फिरून राहिलं म्हणून लिहिते.

आमच्याकडे तलाव आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून हजारोंनी. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधले, पाळ घातली, धानाला पाणी दिलं. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. मालगुजार वाईट होता की चांगला हा वेगळा विषय, पण पाळ फुटली तर रात्री कोणाला उठवायचं हे आधी ठरलेलं होतं, नंतर ठरलेलं राहिलं नाही. गाळ भरला, बेशरम माजली. बेशरम माहीत नसेल त्यांच्यासाठी: जांभळ्या फुलांची, जनावर तोंड लावत नाही, कापली तर दुप्पट येते. पाण्यातली जुनी वनस्पती गेली, त्यासोबत गावरान मासे गेले. मासे गेले म्हणजे ढिवरांच्या (मासेमारी करणाऱ्या समाजाच्या) घरातलं कालवण गेलं.

मग इकडच्या ढिवर बायांनी काय केलं, तर बेशरम खणली. मुळासकट. कमरेएवढ्या चिखलात उभं राहून. नुसती खणून भागत नाही म्हणून तलावात देवधान (पाण्यात उगवणारा रानभात) आणि पाण्याखालच्या जुन्या वनस्पती परत लावल्या, कारण माशाला अंडी घालायला आणि लपायला तेच लागतं. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते हे ज्ञान म्हाताऱ्या ढिवरांकडे होतं, ते इथे काम करणाऱ्या एका संस्थेच्या लोकांनी त्यांच्याजवळ बसून लिहून घेतलं. काही वर्षांनी मासे वाढले, पक्षी आले. या कामाला आंदोलन म्हणायला कोणी तयार नसतं, कारण त्यात विरुद्ध बाजूला उभा राहणारा माणूसच नाही. मासेमारी सोसायटीत बायांना सभासद करा म्हटलं तेव्हा मात्र विरुद्ध बाजू लगेच सापडली. घरातच होती.

दादा, तुमच्या मोहरानात बाया कुठे आहेत? नायिका आहे ते वाचलं. मी बायांचं विचारते.

वैनगंगाकाठ (धागाकर्ता)

ताई, खरं सांगायचं तर पहिल्या दोन अंकांत एक आई (रडते), एक नायिका (गाते) आणि एक लावणीवाली आहे. तिसरी काढली तर मंडळ नाटकच काढणार नाही.

तलाठी काकांचा नकाशा घेतला. गिरणीतला भाऊ घेतला. नाक्यावरचा शिपाई तर आता डोक्यात बोलायला लागला आहे. पण तिसऱ्या अंकात शेवटी ताण कशाचा ठेवू? पासाचं पुस्तक येतं की नाही यावर पन्नास मिनिटं लोक बसणार नाहीत, पहाटेचे तीन वाजलेले असतात.

धानोऱ्याचा

पुस्तक अंकाच्या मध्यावरच येऊ द्या. खरी मारामारी त्यानंतरची.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. त्यांना 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू स्वतः तोडतात, स्वतः विकतात, मजुरी ग्रामसभा देते. आता तेंदूचं (विडीच्या पानांचं) बघा. एप्रिल-मेच्या उन्हात घरचे सगळे पानं तोडतात, सत्तर पानांचं पुडकं बांधतात, फळीवर (पानं गोळा करायच्या केंद्रावर) नेऊन देतात, आणि पावसाळ्याआधी रोख पैसा हातात येतो. बियाणं, खत, पोरांची फी, सगळं त्यावर. आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या कित्येक ग्रामसभांनी तर कंत्राटदाराशी स्वतः लिलाव करून भाव वाढवून घेतला. आणि पाचगावनं काय ठरवलं? तेंदू तोडायचाच नाही. चांगली पानं फुटावीत म्हणून फांद्या छाटतात, जंगलात आग लावतात, झाडाला फळ धरत नाही. टेंभरं (तेंदूची फळं) नाहीत तर पाखरांनी खायचं काय? म्हणून बंद.

राजानं बंद केलं असतं तर मोर्चा निघाला असता. इथे गावानं स्वतःचा रोख पैसा स्वतः नाकारला, तोही हक्क मिळाल्यावर. ही बैठक लिहा तुम्ही. नायक कोणत्या बाजूला बसेल, सांगा बघू.

स्पष्टवक्ता_७७

नायक पैशाच्या बाजूला. शिकलेला आहे ना.

बोडीवरची

नायकाची आई पानं बंद करा म्हणणार, आणि नायिका म्हणणार की बंद करा पण पोरीची फी कोण भरणार ते आधी सांगा. तिघांचंही बरोबर. आणि कोणीही रडायचं नाही.

कायद्यातली एक गोष्ट वापरता येईल. वनहक्काच्या ग्रामसभेला 2012 च्या दुरुस्तीनुसार निम्मे लोक हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात. मोहरानातही तसाच नियम ठेवा. पुरुष मंडळी झाडाखाली येऊन बसली आहेत, भाषणं तयार आहेत, आणि बाया आलेल्याच नाहीत, कारण मोहफूल पहाटेच वेचावं लागतं. सभा सुरूच होत नाही. शेवटी सभा उचलून मोहाच्या झाडाखाली न्यावी लागते आणि पुरुषांना वेचता वेचता बोलावं लागतं.

वैनगंगाकाठ (धागाकर्ता)

ताई, हे मी चोरलं. जाहिरातीत तुमचं नाव टाकता येत नाही, पण प्रयोगाला पुढची खुर्ची पक्की.

मग अंक असा होतो: राजा करार फाडतो (पाच मिनिटांत उरकतो), नाक्यावर गाडी अडते, शिपाई पास मागतो, पुस्तक यायला वेळ लागतो, तोवर भावाची नोकरी जाते, पुस्तक येतं, पहिली गाडी बांबू घेऊन जाते, आणि लगेच पानांवरून मोहाखाली सभा. सर्वसहमती असल्यामुळे विनोदी पात्र "मले समजलं नाही" म्हणतं आणि विषय पुढच्या सभेवर. निर्णय दाखवत नाही. चालेल का?

आणि एक व्यावहारिक प्रश्न. ग्रामसभेच्या हिशेबाचं कोण बघतं? स्टेजवर कोणाच्या हातात वही देऊ?

धानोऱ्याचा

निर्णय दाखवू नका, उत्तम.

वहीचं म्हणाल तर बँकेत खातं ग्रामसभेचं असतं आणि सह्या एकाहून जास्त लोकांच्या. भांडणं तिथेच होतात. आमच्या ओळखीच्या एका गावात दोघा सह्यावाल्यांचं बोलणं बंद होतं, मजुरांची मजुरी त्यामुळे अडली आणि गावानं दोघांना सभेत समोरासमोर बसवून ठेवलं सही होईपर्यंत. तुमच्या शिपायाला आणि भावाला सह्यावाले करा. एक काल अडवणारा, दुसरा काल गिरणीतला. दोघांनाही कागद वाचता येतो, गावाला त्यांची गरज आहे आणि गावाचा त्यांच्यावर विश्वास नाही.

निवृत्त_तलाठी

शिक्का तिसऱ्या माणसाकडे ठेवा. आणि शाईची डबी चौथ्याकडे. अनुभवाचे बोल.

वऱ्हाडी_ठेचा

लावणी कुठे बसवणार ते राहिलं.

वैनगंगाकाठ (धागाकर्ता)

मंडळ म्हणतं तिसऱ्या अंकात, लोक जागे राहावेत म्हणून.

राळेगावकर

नाक्यावर ठेवा. गाडी अडलेली हाय, ड्रायव्हरले काम नाही, शिपायाले घाई नाही.